आत्याचा बुधवार

आत्या गेल्याची बातमी बोईसरच्या शाळेचा शिपाई घेऊन आला. पालघरच्या माझ्या दवाखान्यात तेव्हा बाकावर सात-आठ माणसं होती. त्यांना ओलांडून तो सरळ आत आला, टोपी काढून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, इंदूबाई गेल्या. मधल्या सुट्टीत... खुर्चीतच.” हृदय अचानक बंद पडलं होतं. वय अवघं छप्पन्न. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांत कुणीतरी हळूच म्हणालं, “उपासांनीच खाल्लं तिला,” आणि चार जणांनी माना डोलावल्या. पंगत चालू होती, म्हणून मी गप्प राहिलो. आज दीड महिन्यानं लिहायला बसलो आहे ते त्या एका वाक्यासाठी. तिनं उपास कसे केले आणि ते कसे सोडले, दोन्ही मी जवळून पाहिलं आहे.

इंदूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच तिचे यजमान गेले. सासरच्यांनी माहेरी पोचवलं, तर ती महिनाभरात पुस्तकं आणून मास्तरकीच्या परीक्षेला बसली आणि सातपाटीच्या शाळेत लागली. तिथेच एक खोली घेऊन राहिली. अर्धशिशी मात्र तिची पाठ सोडत नव्हती. आठवड्यातून दोनदा डोकं उठायचं, उलट्या व्हायच्या, खिडकीला पातळ घालून अंधार करून ती पडून राहायची. मी डॉक्टर होऊन आलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात तिला गोळ्या दिल्या. त्यांनी पोट बिघडलं, डोकं तसंच. मग एक दिवस तिनं गोळ्यांची बाटली माझ्या टेबलावर परत आणून ठेवली. “वसंता, तुझं करून झालं. आता माझं मी बघते.”

तिनं बुधवार धरला. दिवसभर कोमट पाणी, फार तर लिंबू. साबुदाणा नाही, रताळं नाही. “साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी... तो उपास नव्हे, तो बेत,” असं म्हणायची. बुधवारच का, तर तिच्या ओळखीत त्या दिवशी कुणाचाच उपास नव्हता. “सोमवार-गुरुवार धरला की लोक विचारतात, कुठल्या देवाचा? मला देवाशी काही ठरवायचं नाही. माझ्या डोक्याशी ठरवायचंय.” पहिले दोन महिने तिचे हाल झाले. फळ्यासमोर उभं राहून घेरी यायची. तरी तिनं सोडलं नाही. वर्षभरात अर्धशिशी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायला लागली. त्यात उपासाचा वाटा किती आणि त्याच वेळी सोडलेल्या रोजच्या सहा कप चहाचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. तिला ते विचारलं की ती हसायची. “तू वाटे पाडत बस. माझं डोकं दुखत नाही.”

मग हिराबाईचं झालं. हिराबाई सातपाटीची मासळी विकणारी, आत्याच्या शेजारची. तिला साखरेचा आजार, गोळ्या माझ्याच चालू होत्या. बाईंचं डोकं उपाशी राहून बरं झालं, तर आपली साखरही जाईल, असं तिनं मनाशी घेतलं. तीन दिवस पाण्यावर काढले आणि वर माझ्या गोळ्याही नेमानं घेतल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, बोंबील वाळत घालता घालता ती कोसळली. बर्फाच्या ट्रकमधून तिला माझ्याकडे आणलं तेव्हा ती घामानं निथळत होती, शुद्ध नव्हती. शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा काही वेळानं तिनं डोळे उघडले. समोर आत्या उभी होती. तिला बघून हिराबाई पुटपुटली, “बाई, तुमाला जमला, मना कसा नाय जमला?”

मी आत्याला बाहेर ओढून नेलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो, “तुझ्या उपासापायी आज ही बाई गेली असती!”

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, “मी तिला उपाशी राहा असं सांगितलं नव्हतं रे. पण... तू राहू नकोस, असंही सांगितलं नव्हतं. ती रोज विचारायची आणि मला बरं वाटायचं.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती सातपाटीच्या आळ्यांतून फिरायला लागली. घरोघरी तेच सांगायची. जिची साखरेची गोळी चालू आहे, जी पोटुशी आहे, जी अंगावर पाजते, तिनं उपाशी राहायचं नाही. माझा उपास माझ्यापुरता. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. “बाई, इतकी वरसा उपास केलाव, नि आता आमाला जेवाया सांगताव?” ती म्हणायची, “हो, तेच सांगायला आले.” कोळीवाड्यातलं एकही घर तिनं सोडलं नाही. पावसाळा तोंडावर आला तेव्हा कुठे ते फिरणं थांबलं.

तारापूरच्या वीजकेंद्राचं काम सुरू झालं, बोईसरला माणसं उतरू लागली आणि तिची बदली तिथल्या शाळेत झाली. त्याच वर्षी तिला खोकला लागला. एका बुधवाराचे तिनं तीन दिवस केले, मग पाच. मी जबरदस्तीनं छातीचा फोटो काढायला नेलं. छातीत क्षय होता.

“उपास सोडायचा,” मी म्हटलं.

“किती दिवस?”

“कायमचा.”

फोटो तिनं उजेडाकडे धरून पुन्हा एकदा पाहिला. “याला उपाशी ठेवून मारता येणार नाही म्हणतोस?”

“तो नाही मरणार. तू मरशील.”

“मग काय खायचं ते लिहून दे,” ती म्हणाली.

मी लिहून दिलं आणि तिनं ते खाल्लं. आजवरच्या सगळ्या बुधवारांपेक्षा मला तिचं ते जेवण अवघड वाटतं. तोंडाला चव नाही, औषधानं मळमळ, तरी दिवसातून चार वेळा ती पानावर बसायची. उलटी झाली तर चूळ भरून पुन्हा बसायची. जन्मात न शिवलेलं अंडं नाक दाबून गिळायची. दीड वर्ष इंजेक्शनं झाली. शेवटच्या फोटोत छाती स्वच्छ आली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “झालं?” त्यानंतर बुधवार तिनं कधी धरला नाही. चार वर्षं धडधाकट जगली.

परवा तिचं सामान आणायला बोईसरच्या शाळेत गेलो. तिच्या वर्गावर त्याच दिवशी नव्या बाई आल्या होत्या, हजेरी घेत होत्या. मी दाराशी थांबलो. बाईंनी नाव पुकारलं, तर पोर उठून म्हणालं, “भाकरी-चटणी.” दुसरं म्हणालं, “चाय-रोटी.” तिसरं, “पेज.” “अरे, हजर म्हणा!” बाई गोंधळून म्हणाल्या. पोरं एकमेकांकडे बघू लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, आमी असाच सांगतो. सकाळी काय खाल्ला ते.”

बाईंनी पुढचं नाव घेतलं. मागच्या बाकावरून, कामगारांच्या चाळीतली एक मुलगी हळूच उठली. “कुछ नहीं.”

पुढच्या बाकावरची मुलगी कुणाला न विचारता उठली, भिंतीतलं कपाट उघडून तिनं पत्र्याचा डबा काढला आणि त्यातला गूळ-शेंगदाणा मूठभर नेऊन त्या मुलीच्या हातावर ठेवला. मग जागेवर येऊन बसली. नव्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “चालू द्या.” तो डबाही आत्याच्याच सामानातला. तो मी तिथेच ठेवून आलो.