चहाचा पेला आणि लेकीचं कपाळ

लेकीच्या कपाळाला हात लावला, त्याच हातात मघापासून मी वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला धरून बसलो होतो. थंडीची सकाळ. कपाळ मला गारच लागणार. "ताप नाही," मी डॉक्टरच्या थाटात जाहीर केलं. थर्मामीटर समोरच्या फळीवर होता. लावला असता तर खरं कळलं असतं. बहुधा म्हणूनच लावला नाही.

कारण सांगायची लाज वाटते. कारण होतं हुरडा. शनिवार, ऑफिसला सुट्टी, आणि मैंदर्गीकडं एका सहकाऱ्याच्या शेतावर आम्ही सगळे जमणार होतो. बायको पहाटेच्या एसटीनं बार्शीला मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला गेलेली. जाताना बजावून गेली होती, पोरगी रात्रीपासून मलूल आहे, अंग गरम लागलं तर शाळेत पाठवू नका. आता लेक घरी म्हणजे मीही घरी. चौथीतल्या त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं, दाराशी भरून ठेवलेल्या माझ्या पिशवीकडं बघितलं, आणि म्हणाली, "जाते की मी." दूध तसंच ठेवून रिक्षात बसली. शहाणी आहे, असं वर मीच मनात म्हटलं.

शेतात आगटीभोवती बसून शेंगाचटणीबरोबर दुसरी मूठ तोंडात टाकतोय, तोच शाळेतून बाईंचा फोन. पोरगी तापानं फणफणलीय, येऊन घेऊन जा. राखेनं काळ्या झालेल्या हातांनीच गाडी काढली. तशातही सहकाऱ्यानं बांधून दिलेली हुरड्याची पुडी मी नको म्हटली नाही, हेही लिहायलाच हवं.

बाईंनी तिला बाकावर स्वतःची शाल पांघरून निजवलं होतं. पहिल्या तासापासून कुडकुडत होती म्हणे.

"मी तेव्हाच फोन करणार होते," बाई म्हणाल्या, "पण करू देईना. आज बाबांचा हुरडा आहे, म्हणाली."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. लेकीचं कपाळ या वेळी हात टेकवायच्या आधीच कळलं.

संध्याकाळी बायको आली. डॉक्टरांकडं जाऊन आलो होतो, ताप उतरत होता. मी सगळं सांगितलं, चहाच्या पेल्याची गंमतही घातली, म्हटलं जरा हसेल. तिनं झोपलेल्या लेकीचं पांघरूण सारखं केलं.

"ताप उतरेल हो उद्यापर्यंत," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी बरं नसलं तर ती तुम्हाला सांगेल का, ते बघा."