माल्टाचे धनी आणि माझी शपथ

सांगलीच्या स्टँडवर मला सोडायला आलेले बाबा रडले नाहीत. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते प्रवाशांना पत्रकं वाटत होते. खिडकीतून एक मलाही दिलं. पाणीपट्टीवाढीच्या निषेधाचं होतं. खाली 'आपले' म्हणून अकरा नावं, शेवटचं माझं. त्या नावांतल्या कुणी सत्तेपुढे मान तुकवायची नाही, एवढाच आमच्या घरचा धर्म.

सांगलीच्या मित्रांनो, पुढचं तुम्हाला माहीत नाही. इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला, माझं वर्क परमिट कंपनीच्या हातात होतं. नोकरी गेली की देशही सोडायचा. शेजारच्या डेस्कवरच्या बाईंना आजारी रजेवर असताना काढलं, तेव्हा मी स्क्रीनकडे बघत राहिलो. त्या दिवशी ठरवलं, ब्रिटिश पासपोर्ट मिळवायचा आणि मग तोंड उघडायचं. त्यासाठी कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन राणीशी निष्ठेची शपथ घ्यायची, आणि आपला भारतीय पासपोर्ट परत करायचा.

हे मी फक्त जोसेफला सांगितलं. तो ऑफिसचा सिक्युरिटी गार्ड, माल्टाचा, बाबांच्या वयाचा. लंचला तो आपल्या बेटांचे धनी मोजायचा. फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, मग क्रूसवाले सरदार, मग नेपोलियनचे फ्रेंच.

"फ्रेंचांना हाकलायला इंग्रजांना आम्हीच बोलावलं," तो म्हणाला.

"स्वतःहून? लाज नाही वाटली?"

"उपाशी होतो रे. लाज नंतर वाटली. चांगली दीडशे वर्षं." मग तो हसला. "ते गेले, आम्ही स्वतंत्र झालो, आणि मी त्यांच्या मागोमाग इथे आलो. तू शपथ घे. भाषण नंतर कर."

घेतली. फोनवर सांगितलं तर बाबा "बरं" एवढंच म्हणाले. आईने पाठवलेल्या पुढच्या पत्रकावर दहा नावं होती.

त्यानंतर महिनाभरातच टीममधल्या आणखी एकाला काढलं. आता मला कुणी देशाबाहेर घालवू शकत नव्हतं. तरी मी बोललो नाही. इतकी वर्षं परमिटला दोष देत होतो. गप्प बसणं तोवर माझंच झालं होतं. जोसेफनेही विचारलं नाही.

या दिवाळीला येतोय. व्हिसा काढलाय. ज्या घराला कधी कुलूप नसायचं, तिथे जायला मला आता शिक्का लागतो. तेच माझं घर, दुसरं झालेलं नाही.

"किती दिवस राहायची परवानगी आहे तुला?" बाबांनी फोनवर विचारलं.

"सहा महिने."

"पुष्कळ आहेत," ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.