लफेव्र म्हणजे काय

आपली मराठी माणसं अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आली, तरी ओळख झाल्यावर तिसरा प्रश्न आडनावाचाच असतो, आणि तो कशासाठी विचारतात हे सगळ्यांना कळतं. छाया लोहारला तर पक्कं ठाऊक होतं. पॉल लफेव्रशी लग्न केल्यावर ती सुटली. लफेव्र ऐकून कुणाला जातीचा अंदाज बांधता येत नसे. माहेरचं आडनाव विचारलं, की ती विषय बदलायची.

मागच्या महिन्यात वाईजवळच्या गावी तिचे वडील गेले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कळवताना तिने त्यांचं नुसतं नाव लिहिलं, आडनाव गाळलं.

मी भेटायला गेले, तेव्हा मंडळाच्या सुहासिनीकाकू येऊन बसल्या होत्या. छायाची सासूही व्हरमाँटहून आली होती. काहीतरी बोलायचं म्हणून काकूंनी तिला लफेव्रचा अर्थ विचारला.

म्हातारी खुलली. "ब्लॅकस्मिथ," ती म्हणाली. म्हणजे लोहारच. "उत्तर फ्रान्समध्ये लफेव्र ढिगाने सापडतात, कारण लोहाराशिवाय गावाचं चालायचंच नाही. माझ्या सासऱ्यांची ऐरण अजून आमच्या हॉलमध्ये मांडलेली आहे." मग तिने सुनेचा हात हातात घेतला. "तुझे वडील काय करायचे?"

छायाने काकूंकडे पाहिलं.

"बँकेत होते," ती म्हणाली.

कॉलेजच्या सुट्टीत मी छायाच्या माहेरी आठवडाभर राहिले होते. तिच्या वडिलांच्या भट्टीचा भाता मी स्वतः ओढला होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान डोलावली.