यादीत नसलेली सुमन

"मॅडम, तुमच्या यादीत नसन, तर ती गेली म्हनून समजू का?"

फोनवर रामभाऊ होते. अकोल्याच्या जुन्या शहरात भाजीची गाडी लावतात. मोर्णा नदीला पूर आला तेव्हा ते माल आणायला बाळापूरला गेले होते. परतले तर घरात पाणी आणि बायको सुमन बेपत्ता. तिचा मोबाइलही लागत नव्हता. आज तिसरा दिवस होता.

मी अमरावतीत एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. पुरानंतर आम्ही चौघांनी रजा टाकून एक वेबसाइट उभी केली होती. एका यादीत हरवलेली माणसं, दुसरीत निवारा केंद्रांमधली. प्रोग्राम दोन्हींकडचं नाव आणि गाव जुळवायचा. जुळलं की आम्ही घरच्यांना फोन करायचो. 'सुमन, अकोला' मी दहादा शोधलं. काही नाही.

आमच्या बॉसनी रजा कुरकुर न करता दिली होती, पण रोज फोन करून विचारायचे. "सापडली का सुमन?"

"नाही सर. सिस्टिम तर बरोबर चालतेय."

"सिस्टिम चालून राहिली अन् बाई सापडून नाही राहिली. मंग बरोबर काय हाय त्यात?"

राग आला. गिळला. रामभाऊंना पुन्हा फोन लावला. "शेजारी काय म्हणतात?"

"म्हनतात, वलगाववालीले ट्रॅक्टरवर बसवून नेलं. कुठी नेलं ते मालूम नाही."

"वलगाववाली कोण?"

"तीच ना. माहेर वलगावचं तिचं. सुमन गल्लीत कोनाले मालूम हाय?"

मी कपाळावर हात मारला. लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून ओळखायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या सासूबाईंचं नाव मला रेशनकार्डावरून कळलं. आणि नाव नसलेल्या नोंदी मीच अर्धवट म्हणून बाजूला काढल्या होत्या. त्या उघडल्या. 'नाव: माहीत नाही. गाव: वलगाव. तापानं बोलत नाही. माहिती सोबतच्यांनी दिली.' खाली अकोल्याबाहेरच्या एका शाळेचा पत्ता.

रामभाऊ तिथे पोचले. फोन त्यांनी चालूच ठेवला होता. तिचा बारीक आवाज आला, "तीन दिस कुठी होते? जेवले का?" मग रामभाऊ रडले. इकडे मीही रडले, लाजायचं काय त्यात.

आता आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न आहे, 'गल्लीत काय म्हणतात?' तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. नाव नाही भरलं तरी चालतं.