बाणाचं शेपूट

शुद्धलेखनाच्या चुका होतील. अक्षर तर वाईटच. चौथीत शाळा सुटली, तेव्हा सांभाळून घ्यावं. एकदा हेच अक्षर मला वाचवू शकलं असतं.

धरणाच्या ऑफिसचे साहेब माझं रजिस्टर उघडून माले गावात आमच्या अंगणात उभे होते. सकाळ-संध्याकाळ वाऱ्याची दिशा लिहायची, हे माझं काम. आमच्या मालकांना दमा, घर या पगारावर. दोन महिने तो अडवलेला.

"बाई, सकाळी इथे वारा डोंगराकडून येतो, पूर्वेचा. संध्याकाळी पाण्याकडून, पश्चिमेचा. तुमचं रोज उलटं. चुलीपुढे बसून भरता काय?"

साहेबांबरोबर आलेले कारकून माझ्या कानाशी कुजबुजले, "वहिनी, 'पू' आन् 'प' अक्षरामुळं कळत न्हाई म्हणा. सुटाल."

"अक्षर वाईट हाय," मी कशीबशी म्हणाले, "पर लिवलंय त्येच लिवलंय."

"मग आत्ता घ्या रीडिंग."

मी वाऱ्याचा बाण बसवलेल्या खांबाजवळ मूठभर फोलपटं सोडली. ती पाण्याकडे उडाली.

"पश्चिम."

"आणि वरचा बाण कुठे बघतोय?"

"डोंगराकडं. त्यो उलटा बसवलाय, सायेब. मी शेपटाकडची दिशा लिवते."

कारकुनांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. साहेब मात्र हसले नाहीत.

"बाई, वारा पाहुण्यासारखा. कुठून आलात, एवढंच विचारायचं. बाण तेच सांगतो."

मी जन्मभर भात उफणलेला. खळ्यावर फोलपटं कुठे जातात ते बघायचं, नाहीतर शेजारणीच्या डोळ्यांत जातात.

साहेब पानं चाळत एका ठिकाणी थांबले. "या संध्याकाळी 'वारा नाही' का?"

"दिसभर आभाळ हुतं. ऊनच न्हाई, तर वारं कुठलं?"

"घरात बसून हे सुचलं नसतं," ते कारकुनांना म्हणाले.

वाऱ्याचं चुलीसारखंच आहे. धग कौलांतून वर जाते, दाराखालून गार हवा आत येते. उन्हाने डोंगर तापला की त्याची हवा वर चढते आणि तिच्या जागी पाण्यावरची गार हवा येते. रात्री डोंगर आधी निवतो, मग गार, जड हवा उतारावरून पाण्याकडे येते. सकाळी तीच वाहत असते. पावसाळ्यात मात्र समुद्राकडचा मोठा वारा कुणालाच जुमानत नाही.

साहेबांनी रजिस्टरात लाल शाईने लिहिलं : दिशा उलट वाचाव्यात, नोंदी खऱ्या.

काम सांगणाऱ्याने आणि करणाऱ्याने शब्दाचा अर्थ आधी एकदा मोठ्याने बोलून घ्यावा.

अडवलेला पगार पुढच्या शनिवारी मिळाला. पुरा.