नाव टाकलेली रेकॉर्ड

पुण्याच्या जुन्या रेकॉर्डच्या मेळ्यात मी एका विक्रेत्याला सरळच विचारलं, "भांड्यावर टाकतात तसं नाव टाकलेली छोटी रेकॉर्ड आली का हो तुमच्याकडं? दोन गाण्यांची?" त्यानं हातातली रेकॉर्ड कडांना धरून उजेडात तिरपी केली, फुंकर मारली, पाकिटात सरकवली आणि मग माझ्याकडं पाहिलं. "काका, रेकॉर्डवर कोण नाव टाकतं?" आजूबाजूचे दोघंतिघं फिदीफिदी हसले. हिंगोलीपासून एसटीत हाडं खिळखिळी करून मी गेलेलो, तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? माझ्याच बापानं टाकलं होतं नाव.

वडील गोरेगावला शाळेत मास्तर. लग्नाकार्यात घरची भांडी एकमेकांकडं जायची, परत येताना अदलाबदल व्हायची, म्हणून सगळेच भांड्यांवर नावं टाकून घेत. आमच्या वडलांना मात्र त्याचं वेडच होतं. तांब्या, परात, पळी, अडकित्ता, सायकलचा मडगार्ड, काही म्हणून सुटलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी भांड्यांच्या दुकानापुढं एक माणूस बारीक छिन्नी घेऊन बसायचा आणि टिंबाला टिंब जोडत नाव ठोकायचा. वडील त्याचं हक्काचं गिऱ्हाईक.

घरात जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि चारपाच छोट्या रेकॉर्डी. त्यातली एक अक्काच्या जिवाची, सिनेमातल्या उडत्या चालीच्या गाण्याची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तेव्हा सोळासतरा वर्षांची. ती रेकॉर्ड शेजाऱ्यांनी ऐकायला नेली आणि महिनाभर परत केली नाही. वडलांनी भांडून आणली आणि पुढच्याच बाजारी छिन्नीवाल्याकडून तिच्यावर आपलं पूर्ण नाव टाकून आणलं. मधल्या कागदावर टाकलं तर कागद फाटेल, म्हणून बाजूच्या काळ्या भागावर! आईनं कपाळाला हात लावला. "अवो, ते काय पितळी ताट व्हय?"

सुई दुसऱ्या कडव्यात नावावर पोचली की टक्, टक्, टक्, कडवं संपेपर्यंत. वडील म्हणाले, "वाजतंय ना? मग झालं तर." आई चिडली, मी हसलो, अक्कानं मात्र ते टक् गाण्यातच घेऊन टाकलं. धान्य निवडताना ती तेच गाणं म्हणायची आणि दुसरं कडवं आलं की जीभ टाळूला लावून बराबर तिथं तिथं टक् करायची. पुढं आम्हां सगळ्यांनाच त्याशिवाय गाणं अर्धवट वाटायला लागलं.

तीच रेकॉर्ड अक्काच्या लग्नात गेली. मांडवात वाजवायला लाउडस्पीकरवाल्याकडं दिली होती. वरातीच्या गडबडीत त्यानं आपल्या ढिगात घातली आणि नेली. वडील दोनदा जाऊन आले, तर तो म्हणे, "मास्तर, सगळ्या माझ्याच हायेत, बघा, लाल रंगानं खूण केलीय." पुढं त्याचा धंदा बसला, ढीग भंगारात गेला. एवढं नाव टाकून शेवटी उपयोग काय झाला, सांगा!

मी कालव्याच्या कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त झालो. अक्का सासरी कनेरगाव नाक्याला, नातवंडांत रमलेली. सहा वर्षांपूर्वी तिच्या कानांची तकलीफ वाढली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाणार, यंत्राचाही फार उपयोग व्हायचा नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर ती मला म्हणाली, "भाऊ, ते गाणं एकदा ऐकावं वाटून राहिलं. कान हायेत तवर."

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! मोबाइलवर लावून तिच्या कानाशी धरलं. तिनं पूर्ण ऐकलं. दुसऱ्या कडव्यात जिभेनं टक् टक् केलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"हे न्हाई ते."

"अगं, तेच हाय की! काहून न्हाई म्हणतीस?"

"गाणं ते हाय. आपलं न्हाई."

आता हिला काय सांगावं! पण बोलणं मनाला लागलं आणि मी निघालो. पुणे, हैदराबाद, संभाजीनगर, जिथं मेळा लागेल तिथं. त्या गाण्याच्या चार रेकॉर्डी मिळाल्या, चारही स्वच्छ. प्रत्येक वेळी आशेनं प्लेअर उचलून कनेरगावला न्यायचा, अक्कानं ऐकायचं, "चांगलं हाय" म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. प्रत्येक वेळी मी आवाज जरा वाढवून लावत होतो. मेळ्यातले लोक तर माझी थट्टाच करायचे. सगळ्या जगाला बिनचऱ्याचा माल पाहिजे आणि हा म्हातारा खराब रेकॉर्ड मागतोय!

खरं सांगायला लाज वाटते, पण त्यांच्यात बसून बसून मीही त्यांच्यासारखाच झालो. मलाही रेकॉर्ड तिरपी करून बघायची सवय लागली. चरा दिसला की नाक मुरडायचं. दुर्मीळ काही हाती लागलं की चारचौघांना दाखवत सुटायचं. बायको म्हणायची, "अक्कासाठी फिरून राहिले का स्वतःसाठी?" मी तिच्यावर खेकसायचो.

नांदेडला एक भंगारवाला गठ्ठ्यानं विकायचा. सुतळीनं बांधलेला गठ्ठा, सोडून बघायचा नाही, घ्यायचा तर अख्खा. मी एक उचलला आणि घरी खिडकीशी बसून तपासायला घेतला. पहिल्या वीसेक रेकॉर्डी मी डोळ्यांत तेल घालून बघितल्या. एकविसावी की बाविसावी अशी निघाली, की पुण्यातल्या त्या हसणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत. इतकी दुर्मीळ, आणि एक चरा नाही! मी हरखून तिघाजणांना फोन केले. मग उरलेल्या भराभर काढल्या. तिरपी केली, खरबरीत दिसली, टाक बाजूला. मधल्या कागदावर लाल रंग फासलेला, टाक बाजूला. तो टाकाऊ ढीग मी सूनबाईला देऊन टाकला. तिला रेकॉर्डी गरम करून त्यांचे झालरीच्या काठाचे वाडगे बनवायचा नाद आहे. तिनं ते संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून वाटले. लेकी-सुना, शेजारणी खूश. अक्काही आली होती.

त्याला आता दोन वर्षं झाली.

परवा हैदराबादच्या मेळ्यातून हात हलवत आलो आणि तसाच कनेरगावला गेलो. अक्काला आता काहीच ऐकू येत नाही. तरी मी तिच्यापुढं बसून तणतणत होतो. ते मेळेवाले चोर, तो भंगारवाला चोर, तो लाउडस्पीकरवाला तर पहिल्या नंबरचा चोर! ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि भाजलेल्या शेंगा आणून पुढं ठेवल्या. काळा वाडगा, झालरीचा काठ. रागारागात मी शेंगा फोडत गेलो, वाडगा रिकामा झाला आणि बोटाला तळाशी काहीतरी खरबरीत लागलं.

टिंबाला टिंब जोडून ठोकलेलं. अक्षरं ताणली गेली होती, पण वाचता येत होती. वडलांचं नाव, आजोबांचं नाव आणि अर्धं आडनाव. मधल्या कागदावर लाल रंग.

मी वाडगा तिच्यापुढं धरला. तिला विचारावं लागलं नाही.

"वाण घेतलं तवाच वाचलं मी," ती म्हणाली.

"मग बोलली काहून न्हाईस?" मी ओरडलो. तिनं ओठांवरून ओळखलं असावं.

"काय बोलू? तू गावोगाव हिंडून राहिलास माझ्यासाठी. तुला कसं सांगू, तूच फेकलं म्हून?"

दोन वर्षांपूर्वी तिला थोडं ऐकू येत होतं. हे तीही जाणत होती आणि मीही. आयुष्यात मी पुष्कळांवर चिडलो, पण इतका राग कुणाचा आला नव्हता आणि काढायला समोर कुणी नव्हतं.

अक्कानं वाडगा माझ्या हातातून घेतला, पदरानं आतली टरफलं पुसली आणि नखानं त्या टिंबांवरून हळूहळू रेघ ओढली. टक्, टक्, टक्. मला स्वच्छ ऐकू आलं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"वाजलं का रं?" तिनं विचारलं.