अण्णांचा पिवळा रंग

लहान मुलांचे रंग जिभेवर ठेवून पारखणारा माणूस अख्ख्या बेळगावात एकच होता, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, वडगावात घर, चहूकडून मागांचा खडखडाट, आणि पदरी मूलबाळ नाही. त्यामुळे मे महिन्यात आमची चार वर्षांची शकू निपाणीहून त्यांच्याकडे राहायला गेली की अण्णांना दुसरं काही सुचत नसे. ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. शकूच्या हाती द्यायच्या रंगाची ते जेवढी परीक्षा घेत, तेवढी माझ्या सासऱ्यांनी माझीही घेतली नव्हती.

खडेबाजारातल्या दुकानात शिरले की अण्णा रंगाची पेटी उघडायला लावत, ओलं बोट वडीवर फिरवत आणि सरळ चाटत. दुकानदार कळवळून म्हणे, "सर, ते चित्र काढायचं असतंय वो, खायचं न्हवं!"

"तुमाला आनी मला ठाऊक हाय ते," अण्णा म्हणत, "पोरास्नी कोन सांगनार?"

तैलरंगाचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरे. "रॉकेल लावून पोराचं हात धुनार काय?" पोस्टर कलर शाळकरी मुलांना, चिमुकल्यांना जाड मेणाचे खडू, कारण ते मुठीत बसतात आणि आपटले तरी लवकर मोडत नाहीत. "चड्डी घेताना माप बघतोय न्हवं पाव्हणं? मग रंग घेताना का न्हाय?" असं वर मलाच विचारत. जिभेनंतर पाळी सदऱ्याची. नवा रंग स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर फासायचा आणि तो आक्कांकडे धुवायला टाकायचा. डाग निघाला तर रंग पास. न निघालेले सदरे घालून ते खुशाल साहेबांसमोर उभे राहत. आक्का म्हणत, "ह्येंच्यापरास शकू कमी रंगती."

पिवळा मात्र एकही पास होईना. कुठला कडू लागे, कुठला सदऱ्यावर ठाण मांडून बसे. शेवटी अण्णांनी डिंकाच्या पाण्यात स्वयंपाकघरातली हळद कालवून वाटीभर पिवळा घरीच केला. तरी जिवाला स्वस्थता नाही, म्हणून शेजारच्या विणकराकडून सूत रंगवायचा पिवळाही परीक्षेसाठी दुसऱ्या वाटीत आणून ठेवला.

त्याच दिवशी मी शकूला न्यायला गेलो होतो. आक्का चहा गाळत होत्या, तोच शेजारची विणकरीण ओरडत आली, "आक्का, निम्म कूसु हळदी कुडदाळ री!" माझं कानडी बेताचं. पोरगी हळद प्याली एवढं कळलं, आणि मी हसून म्हणालो, "बरं झालं, खोकला जाईल."

आक्कांच्या हातून पातेलं निसटलं. "अवो पाव्हणं, हळदी म्हंजे पिवळा रंग त्यांच्यात! हळदीला त्ये अरिशिन म्हंत्यात!"

मी बाहेर धावलो. पडवीत शकू बसली होती. ओठ, हनुवटी, झगा, सारं पिवळं. पुढ्यात एक वाटी, तळाशी घोटभर उरलेली. तेवढ्यात अण्णा सायकलवरून आले. सकाळच्या गडबडीत कुठली वाटी कपाटावर चढवली आणि कुठली खाली राहिली, त्यांना काही केल्या आठवेना. चेहरा पांढराफटक. मी शकूला उचलून दवाखान्याकडे धावणार, तोवर त्यांनी ती वाटी उचलली आणि उरलेला घोट घटकन पिऊन टाकला.

"हळद हाय," ते पुटपुटले. मग मोठ्यानं, "हळदच हाय गं!" आणि मटकन खाली बसले.

आक्का रडता रडता हसायला लागल्या. विणकरीण देवाला हात जोडू लागली. माझ्या जिवात जीव आला तो असा, की शकूला जवळ घेऊ की अण्णांना मिठी मारू, कळेना.

चहा पुन्हा झाला. मी शकूची पिशवी उचलली, तेव्हा अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, आता पोरीला परत धाडनार न्हाय व्हय तुमी?"

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. तो आवाज आठवला की अजूनही गलबलून येतं.

मी पिशवी खुंटीला अडकवली. म्हणालो, "सुट्टी आहे की अजून, अण्णा. राहू दे तिला." आणि निपाणीच्या गाडीत एकटाच जाऊन बसलो.